जपानी शाळेत रुजू होताना

जपानातील शाळेत इंग्रजीचा सहायक अध्यापक म्हणून रुजू होण्यास निघालेल्या मराठी तरुण-तरुणींची चिंता बहुधा भाषेची, अन्नाची आणि थंडीची असते. आणि या तिन्ही चिंता अगदीच निराधार आहेत असे नव्हे. परंतु ज्या गोष्टींची धास्ती माणूस घरूनच बाळगून निघतो, त्यांची तजवीजही तो घरूनच करीत असतो, आणि म्हणून त्यांचा उपद्रव वाटतो तितका होत नाही. खरा उपद्रव होतो तो, निघताना ज्यांच्याकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते अशा रुक्ष बाबींचा : करारनाम्यातील एखादे कलम, आपल्या नावाचे जपानी लिपीतील रूप, दुसऱ्या वर्षी अवचित येणारी कराची मागणी, आणि वर्गात आपली जागा नेमकी कोठे आहे याविषयीचा गैरसमज. प्रस्तुत लेखात भर आहे तो या दुसऱ्या जातीच्या गोष्टींवर. चेरीच्या फुलांचे आणि फुजी पर्वताचे वर्णन वाचण्याची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी आपल्या भाषेत पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ आहेच.

परदेशी सहायक शाळांत नेमण्याची जपान सरकारची जी मोठी योजना आहे ती ‘जेट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. १९८७ साली चार इंग्रजीभाषी देशांतील ८४८ जणांनिशी तिचा आरंभ झाला आणि पुढे तिच्यात अनेक देशांची भर पडत गेली. भारताचे नाव त्या यादीत आहे, तरी भारतातून या मार्गाने जाणारे मोजकेच असतात. याखेरीज दोन वाटा आहेत : शाळांना सहायक पुरविणाऱ्या खाजगी कंपन्यांची एक, आणि इंग्रजी संभाषणाच्या खाजगी वर्गांची, ज्यांना तेथे ‘एइकाइवा’ म्हणतात, ती दुसरी. शाळेत शिकविण्याचा निवासपरवाना आणि खाजगी वर्गांत शिकविण्याचा निवासपरवाना हे दोन भिन्न प्रकार आहेत, आणि एकावर आलेल्या माणसाने परवानगीवाचून दुसऱ्या ठिकाणी शिकविणे हा कायद्याचा भंग ठरतो, ही गोष्ट संध्याकाळच्या फावल्या वेळात शिकवणी करून चार येन अधिक मिळवू पाहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. शाळेतील सहायकाच्या परवान्यासाठी पदवी तर लागतेच. पण त्याबरोबरच, जी भाषा शिकवावयाची त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे अशीही अट असते. ज्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे त्यांचे इंग्रजी कितीही उत्तम असो, हे कलम त्यांच्या आड येण्याचा संभव मोठा आहे, आणि ही बाब मुलाखतीपूर्वीच स्पष्ट करून घेणे शहाणपणाचे. ज्यांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले त्यांनी पहिलीपासूनच्या प्रत्येक शाळेकडून माध्यमाचा दाखला वेळीच मिळवावा. कारण आपल्याकडील शाळांची जुनी दप्तरे सवडीने उघडतात, आणि जपानी इमिग्रेशन खात्याने दिलेल्या पात्रता-प्रमाणपत्राची मुदत मात्र तीनच महिन्यांची असते.

करारनामा हाती आल्यावर पगाराच्या आकड्यावर डोळा ठेवून खाली सही करण्याचा मोह आवरावा आणि आपला मालक कोण हे प्रथम पाहावे. नगरपालिकेचे शिक्षण मंडळ थेट नेमणूक करते तेव्हा प्रश्न सरळ असतो. कंपनी मध्ये असते तेव्हा ती एकतर आपल्याला शाळेच्या हाताखाली ‘पाठवते’, किंवा शाळेचे इंग्रजी अध्यापनाचे काम स्वतः मक्त्याने घेते; आणि या दुसऱ्या प्रकारात शाळेतील जपानी शिक्षकांनी आपल्याला प्रत्यक्ष वर्गात सूचना देणे कायद्यात बसत नाही, असा चमत्कारिक परिणाम होतो. एकाच वर्गात उभे असलेले दोन शिक्षक एकमेकांशी पाठाविषयी बोलू लागले तर नियमभंग होतो ही व्यवस्था कोणा बुद्धिमंताच्या डोक्यातून निघाली असेल ती असो. परंतु अशा करारावर आलेल्या सहायकास शिक्षकवर्गाचे मौन हा आपला अपमान वाटू लागतो, आणि वस्तुतः तो केवळ कायद्याचा धाक असतो. याच करारनाम्यात आठवड्याचे तास साडेएकोणतीस असे विचित्र अपूर्णांकात लिहिलेले आढळले, तर त्यामागे कर्मचारी-विम्याचा मालकाचा वाटा वाचविण्याचा हेतू असण्याचा संभव असतो. तेव्हा विमा व निवृत्तिवेतन यांत मालक सहभागी आहे किंवा नाही, ऑगस्टच्या सुटीत पूर्ण वेतन मिळते किंवा नाही, आणि मार्चअखेर करार संपल्यावर घराचे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत व त्यांची उत्तरेही लेखीच घ्यावीत. सहा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर वर्षाला १० दिवसांची पगारी रजा हा पूर्णवेळ कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. ती कृपा म्हणून मागण्याचे कारण नाही.

पहिला पगार हाती येईपर्यंत महिना-दीड महिना, क्वचित त्याहूनही अधिक, जातो. त्या अवधीत घराची अनामत, भांडीकुंडी, प्रवास हे सर्व पदरचे करावे लागते, म्हणून सोबत न्यावयाच्या रकमेचा अंदाज जरा सढळ हाताने करावा. रोख परकीय चलन प्रत्येक प्रवासास ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येते. उरलेली रक्कम परकीय चलनाच्या कार्डावर घालावी किंवा बँकेमार्फत पाठविण्याची व्यवस्था करावी. आणखी एक गोष्ट जिचा घरी कोणी उच्चारही करीत नाही ती अशी की, नोकरीसाठी देश सोडताच आपण परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो, आणि आपले साधे बचत खाते पूर्ववत चालू ठेवण्याची मुभा राहत नाही. बँकेस इत्तला देऊन ते अनिवासी खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. हे काम गावच्या शाखेत जाऊन एका सकाळीत होते, आणि परदेशातून करावयाचे म्हटले तर महिनोन्‌महिने रेंगाळते.

सामानाविषयी थोडेच सांगतो. घरचा मिक्सर नेऊ नये. जपानातील वीज १०० व्होल्टची असते, शिवाय पूर्वेकडे ती ५० आवर्तनांची व पश्चिमेकडे ६० आवर्तनांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकन जनित्रे विकत घेतली, त्या खरेदीची ही खूण देशाच्या मध्यावर आजतागायत कायम आहे. औषधे मात्र जपून न्यावीत : डॉक्टरांनी लिहून दिलेली महिन्याभराची, आणि साधी दुकानी औषधे दोन महिन्यांची, याहून अधिक साठ्यास पूर्वपरवानगी लागते, आणि आपल्याकडे सर्दीखोकल्यावर सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत व पातळ औषधांत जे घटक असतात त्यांच्याविषयी जपानी कायदा अतिशय कडक आहे, म्हणून प्रत्येक औषधाचा घटक व प्रमाण अगोदर पडताळावे. मांसाचे पदार्थ व ताजी फळे विमानतळावरच जप्त होतात, तेव्हा हापूसची पेटी घरच्यांनाच खाऊ द्यावी. पादत्राणे मात्र दोन जोड अधिक न्यावीत, कारण शाळेत आत घालण्याचे जोडे निराळे लागतात आणि मोठ्या मापाचे जोडे गावाकडील दुकानांत मिळत नाहीत.

उतरल्यानंतरच्या कागदांना एक क्रम आहे, आणि तो क्रम सांभाळला की निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. मोठ्या विमानतळांवर निवासपत्र तेथल्या तेथे हाती देतात. ते सदैव जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. घर मिळाले की त्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, आणि तो पत्ता निवासपत्राच्या पाठीवर लिहून मिळतो. पत्त्याच्या या नोंदीवर पुढील सर्व इमारत उभी असते : १२ आकडी व्यक्तिक्रमांक तिच्यावरून येतो, मालकाने विमा दिला नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविम्याची नोंद त्याच कचेरीच्या दुसऱ्या खिडकीवर होते, दूरध्वनीचा करार निवासपत्र पाहून होतो, आणि बँकेस दूरध्वनी क्रमांकाशिवाय खाते उघडवत नाही. ज्याने आधी बँक गाठली तो दोन दिवस फुकट घालवितो. कित्येक बँका नव्या परदेशी रहिवाशास सहा महिने पुरे होईपर्यंत खाते देण्यास नाखूश असतात. अशा वेळी टपाल खात्याच्या बँकेचा दरवाजा ठोठावावा, आणि नोकरीचा करारनामा सोबत न्यावा. आरोग्यविमा असला म्हणजे दवाखान्याच्या बिलापैकी सामान्यतः तीन दशांश आपण भरावयाचे असतात, आणि ही सोय परदेशी नवख्याच्या दृष्टीने जपानच्या मोठ्या उपकारांपैकी एक आहे.

याच पंधरवड्यात नावाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि मराठी माणसाच्या बाबतीत तो इतरांहून बिकट असतो. आपल्या पारपत्रावर बहुधा स्वतःच्या नावाला लागूनच वडिलांचे अथवा पतीचे नाव छापलेले असते. जपानी निवासपत्रावर ही सर्व नावे पारपत्राप्रमाणेच उतरतात. आणि जपानी अर्जांतील चौकटी दोन-चार अक्षरांच्या नावांसाठी आखलेल्या असल्यामुळे तीन शब्दांचे, पंचवीस अक्षरांचे आपले नाव कोठे आखूड होते, कोठे तुटते, आणि दवाखान्यात परिचारिका आपल्याला आपल्या वडिलांच्या नावाने हाक मारते. त्यातून ते नाव परकीय शब्दांसाठी असलेल्या काताकाना लिपीत लिहावे लागते, जिच्यात ल आणि र यांचा भेद नाही, ण आणि ळ तर नाहीतच. कुलकर्णी तेथे ‘कुरुकारुनि’ होतात. याचा खेद करीत बसण्यात अर्थ नाही, परंतु सावधगिरी एक घ्यावी : पहिल्याच दिवशी जाणकाराकडून काताकानातील एकच रूप निश्चित करावे, ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावे, आणि बँक, विमा, दूरध्वनी, पगार या सर्व ठिकाणी मात्रेचाही फरक न करता तेच लिहावे. बँकेत पैसे जमा होतात ते त्या काताकाना नावाच्या आधारे. कंपनीच्या दप्तरात एक रूप आणि बँकेच्या पुस्तकात दुसरे असले, तर पगार आल्या वाटेने परत जातो. आडनावाचा छोटा शिक्काही त्याच रूपात करून घ्यावा. २०२० नंतर सरकारी कचेऱ्यांतील शिक्क्यांचा आग्रह पुष्कळ कमी झाला असला, तरी शाळेच्या हजेरीपटावर तो अद्याप अनेक ठिकाणी उमटवावा लागतो.

लिपीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो : हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या, प्रत्येकी मूळची ४६ अक्षरे, निघण्यापूर्वीच शिकाव्यात, आणि मराठी माणसाला त्या जड जाण्याचे कारण नाही. त्यांचा क्रम प्राचीन काळी बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून बसविलेला असल्यामुळे स्वर आधी, मग क-वर्ग, आणि पुढे शेवटी य, र, व, असा ओळखीचा ओघ त्यांत सापडतो. इंग्रज व अमेरिकन सहकाऱ्यांना जो तक्ता पाठ करावयास महिना लागतो तो आपल्याला आठवड्यात यावा. पुण्यात तर जपानीच्या वर्गांची आणि परीक्षांची सोय फार दिवसांची आहे.

घर कंपनीने दिले तर उत्तमच. स्वतः शोधावयाचे असल्यास सुरुवातीस चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम बाहेर पडते हे गृहीत धरावे. त्यात अनामत असते, दलालाची दस्तुरी असते, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी असते, आणि ‘रेइकिन’ नावाची, घरमालकास कृतज्ञतेपोटी द्यावयाची व कधीही परत न मिळणारी देणगी असते. यूआर या अर्धसरकारी संस्थेच्या वसाहतींत ही देणगी, दलाली आणि जामीन यांपैकी काहीच लागत नाही. उत्पन्नाची अट मात्र पाहतात. रिकामे घर म्हणजे तेथे खरोखर रिकामे असते : दिवे नाहीत, पडदे नाहीत, शेगडी नाही. गॅस सुरू करण्यास माणूस येतो तेव्हा भाडेकरूने स्वतः हजर असावे लागते. आणि नळाचा गॅस व टाकीचा गॅस यांच्या शेगड्या भिन्न असल्यामुळे, आपल्या घरात कोणता आहे हे त्यालाच विचारून मग शेगडी विकत घ्यावी. इमारत १९८१ च्या जूननंतर मंजूर झालेली आहे काय, हे अवश्य विचारावे, कारण भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम तेव्हापासून लागू झाले. १९६७ चे कोयनानगर आणि १९९३ चे किल्लारी ज्यांच्या घरात बोलले जाते त्यांना जमीन हलताच बाहेर धावण्याची उपजत ओढ असते. जपानात शिकवण उलट आहे, की मेजाखाली शिरावे, डोके सांभाळावे, आणि हादरे थांबल्यावर दार उघडे करून ठेवावे. शाळेत याचे सराव होतात तेव्हा मुलांबरोबर आपणही गंभीरपणे भाग घ्यावा. तेथील धक्क्याची तीव्रता ० पासून ७ पर्यंत दहा पायऱ्यांनी सांगतात, आणि ३ या पायरीच्या हादऱ्यास सहकारी मान वर करूनही पाहत नाहीत, हे पाहून नवखा चकित होतो.

शेजाऱ्यांशी संबंध बिघडण्याचे पहिले कारण बहुधा कचरा हे असते. जळणारा, न जळणारा, प्लास्टिकचा, बाटल्यांचा, कागदाचा असे त्याचे वर्ग असतात, प्रत्येकाचा वार ठरलेला असतो, आणि तो त्या दिवशी सकाळीच ठराविक जागी नेऊन ठेवावा लागतो. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु नावाच्या छोट्या गावाने तर ही विभागणी चाळीसहून अधिक प्रकारांपर्यंत नेली आहे. सर्वत्र इतका कडकपणा नसतो, परंतु चुकीची पिशवी तशीच मागे ठेवून तिच्यावर सूचनेचे चिटोरे चिकटविण्याचा शिरस्ता सर्वत्र आहे. नगरपालिकेत पत्ता नोंदवितानाच कचऱ्याचे वेळापत्रक मागून घ्यावे.

आता शाळा. आपल्याकडे वर्गाचे दार लोटून घेतले की शिक्षक हा त्या खोलीचा सार्वभौम असतो, आणि आपल्या शिक्षकी अभिमानाचा पाया तोच आहे. जपानातील सहायकास हे सार्वभौमत्व नसते. माध्यमिक शाळेत परवानाधारक जपानी इंग्रजी शिक्षक, आणि प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक, हाच पाठाचा, गुणांचा आणि शिस्तीचा धनी. सहायकाने त्याच्या जोडीने उभे राहावयाचे. ज्याने येथे दहा-दहा वर्षे साठ मुलांचे वर्ग एकहाती सांभाळले आहेत त्याला पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचून दाखविण्यासाठीच आपल्याला समुद्रापार आणले काय, असा संताप पहिल्या महिन्यात येतो, आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. परंतु त्याचा उपाय अधिकार मागणे हा नव्हे. दर सोमवारी त्या आठवड्याची पाने विचारून घ्यावीत, आणि त्या पानावरील व्याकरणाला नेमका बसेल असा पाच मिनिटांचा एखादा संवाद वा खेळ स्वतः तयार करून, ‘वेळ उरला तर’ अशा शब्दांत पुढे ठेवावा. सात तासांच्या धावपळीत गुंतलेल्या शिक्षकाला आयती पाच मिनिटे कोणी दिली तर तो नाकारीत नाही; आणि पाचाची पंधरा होण्यास एक सत्र पुरते. जपानी शिक्षकाच्या इंग्रजीत चूक आढळली तर ती मुलांसमोर दाखवू नये, हे सांगावयास नकोच. तासानंतर त्याने विचारले तर सांगावे, आणि तो विचारील अशी मैत्री आधी जोडावी.

आपल्या स्वतःच्या इंग्रजीकडेही जरा परक्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. जपानी पाठ्यपुस्तके, मग ती ‘न्यू होरायझन’ असोत की ‘न्यू क्राउन’, अमेरिकन वर्णलेखनाची आहेत. आपण ब्रिटिश पद्धतीने वाढलेले. फळ्यावर आपण ‘कलर’ लिहिताना एक अक्षर अधिक लिहितो आणि प्रवेशपरीक्षेच्या ताणाखालील पंधरा वर्षांची मुलगी ते वहीत उतरवून घेते, तेव्हा तिचे नुकसान होण्याचा संभव असतो. खोडरबराला ‘रबर’ म्हणू नये, ‘इरेझर’ म्हणावे. लिफ्टला ‘एलेव्हेटर’ म्हणावे. आणि ‘प्रीपोन’सारखी आपली घरगुती रत्ने प्रवासात मागेच ठेवावीत. आपला मूर्धन्य ट आणि ड जपानी कानांस जड जातो, म्हणून तो दातांच्या मागे जरा पुढे सरकवावा, आणि बोलण्याचा वेग कमी करावा. उच्चार सोडून देऊन कोणा अमेरिकनाचा सोंगाडी नाद मात्र काढू नये, कारण मुलांना तो लगेच कळतो. होकारार्थी मान डोलविण्याची आपली आडवी लकबही तेथे नकारच वाटते. सर्वांत महत्त्वाची बाब वहीतपासणीची आहे : आपल्याकडे बरोबर उत्तरापुढे जी तिरपी खूण करतात ती जपानात सामान्यतः चुकीची निशाणी आहे, आणि बरोबर उत्तराभोवती वर्तुळ काढतात. आपण उदार मनाने पानभर तिरप्या खुणा करून वही परत द्यावी आणि एखाद्या हुशार मुलाचा चेहरा उतरावा, असा प्रकार टाळण्यासाठी ही एकच माहिती पुरेशी आहे.

प्रश्न विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिचा अर्थ अज्ञान असा करू नये. मूल आधी शेजाऱ्याशी कुजबुजते, उत्तर पडताळते, आणि मग बोलते, किंवा बोलतही नाही. चुकून इतरांपुढे येण्यापेक्षा गप्प राहणे त्याला सुरक्षित वाटते. म्हणून प्रश्न केल्यावर अर्धे मिनिट थांबावे, उत्तर आधी लिहावयास सांगावे, मग दोघांदोघांत बोलावयास सांगावे, आणि शेवटी जोडीला विचारावे. पहिल्या पाठात प्रत्येक वर्गापुढे आत्मपरिचय करून द्यावा लागतो, आणि वर्गांची संख्या मोठी असल्याने तो पुनःपुन्हा करावा लागतो. त्यासाठी ताजमहालाचे चित्र नेण्यापेक्षा आपल्या गावच्या शाळेचे, एस.टी.च्या गाडीचे आणि आईच्या स्वयंपाकघराचे छायाचित्र, तसेच मूठभर नाणी न्यावीत. मुलांना इमारतींपेक्षा डब्यात काय असते यात अधिक रस असतो.

शिक्षककक्षातील व्यवहार उपमुख्याध्यापकाभोवती फिरतो. रजा, आजारपण, उशीर, सर्व त्याला आधी कळवावे. सकाळी आत शिरताना सर्वांना ऐकू जाईल असा नमस्कार करावा, निघताना निरोप घ्यावा. रजेवरून परतताना मिठाई आणण्याची चाल आहे, ती प्रत्येकाच्या मेजावर एक याप्रमाणे ठेवता यावी लागते. बाकरवडीचा पुडा फोडून फिरविण्यापेक्षा सुटी वेष्टने असलेला खाऊ न्यावा. दुपारी शाळा झाडण्याचे काम मुले स्वतः करतात. तेव्हा आपणही फडके हातात घ्यावे, कारण वर्गात गप्प बसणारे मूल फरशी पुसताना बोलू लागते.

शाकाहारी माणसाने शाळेतील भोजनाविषयी आधीच स्पष्ट बोलावे. हे भोजन मुलांबरोबर वर्गातच घ्यावयाचे असते आणि त्याचे पैसे महिन्याच्या हिशेबात जातात. ते नको असल्यास वेळेवर अर्ज करून स्वतःचा डबा न्यावा, कोणी नावे ठेवीत नाही. वरवर निर्दोष दिसणाऱ्या सारात आणि उकडलेल्या भाजीतही वाळविलेल्या माशाचा अर्क बहुधा असतो. मुलांची आवडती ‘करी’ ज्या तयार वड्यांची करतात त्यांत पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. आणि भारतीय माणसाला ती करी प्रेमाने वाढली जातेच. तोक्योतील शिंजुकुच्या नाकामुराया या दुकानात १९२७ साली क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या आग्रहाने अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ही हकीकत मुलांना सांगितली तर नकारही गोड होतो. तूरडाळ आणि कणीक यांची चिंता नको. तोक्योच्या निशि-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि दुकानदार देशभर माल घरपोच पाठवितात. ही वस्ती ज्यात आहे त्या एदोगावा विभागातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक सभेवर निवडून आले आणि पुढे एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. सणावाराला तोक्योतील मराठी मंडळींत जावे. दर रविवारी मात्र जाऊ नये, कारण ज्या गावी आपली शाळा आहे तेथील रविवार फुकट जातात.

शेवटी पैशाच्या दोन बाबी, ज्या दुसऱ्या वर्षी आणि परतताना पुढे येतात. रहिवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर, साधारण एक दशांश या दराने, बसतो आणि जूनपासून वसूल होतो. त्यामुळे पहिल्या वर्षी तो नसतो, पगार पुरेसा वाटतो, आणि दुसऱ्या जूनमध्ये तोच पगार अकस्मात आखूड होतो. तेव्हा पहिल्या वर्षीच दरमहा थोडी रक्कम बाजूस काढावी. १ जानेवारीस ज्याचा पत्ता जपानात आहे त्यास त्या वर्षीचा कर द्यावाच लागतो, मग तो मार्चमध्ये निघून का जाईना. निघण्यापूर्वी तो भरून टाकावा किंवा आपल्या वतीने भरणारा प्रतिनिधी नगरपालिकेत नोंदवावा. निवृत्तिवेतनाच्या निधीत जे हप्ते कापले गेले त्यांपैकी काही रक्कम, किमान सहा महिने भरणा झालेला असल्यास, देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परत मिळते. हिशेबात धरावयाच्या महिन्यांची मर्यादा २०२१ च्या एप्रिलपासून ६० करण्यात आली. कर्मचारी-निवृत्तिवेतनाच्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो, पण जपानातील प्रतिनिधीमार्फत त्याच्या परताव्याचा दावा करता येतो. मात्र भारत आणि जपान यांच्यामधील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आला असून त्यान्वये दोन्ही देशांतील भरण्याचा काळ पात्रतेसाठी एकत्र मोजता येतो. एकरकमी पैसे उचलले की जपानातील तो काळ पुसला जातो. ज्याला पुन्हा जपानात येण्याचा मानस आहे, किंवा भारतात भविष्यनिर्वाह निधीच्या नोकरीत जो परतणार आहे, त्याने अर्जावर सही करण्यापूर्वी हा हिशेब निवृत्तिवेतनाच्या कचेरीत बसून करून घ्यावा, आणि अर्जाचा कोरा नमुना, आपल्या निवृत्तिवेतन-क्रमांकाचा दस्तऐवज व पारपत्राच्या प्रती घेऊनच विमानात चढावे.